सॅमसनने फिल्टर बरोबर दिला होता

मथळ्यातच सांगून टाकलं. कारण माझं मला माहीत आहे — सावकाश सांगायला बसलो तर मध्येच चहा टाकायला उठेन, आणि परत येऊन भलतंच काहीतरी बोलत बसेन. हे मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, मुलाजवळ नाही. आई होती तोवर तिच्याजवळ बोलायची हिंमत झाली नाही. तुम्ही मला ओळखत नाही, रस्त्यात भेटलात तर मला तोंड लपवावं लागणार नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलतोय. यात कसला मोठेपणा आहे असं समजू नका.

मी जनार्दन. मूळचा उरणकडच्या गावातला, आगरी. राहायला पनवेलला. नोकरी सगळी न्हावा शेव्याला गेली, कंटेनर उचलणाऱ्या क्रेन दुरुस्त करण्यात. आता रिटायर झालोय. स्वभाव तापट, आणि हाताला कला आहे याचा माज — हो, माजच. माझ्या गाडीला मी कधी दुसऱ्याला हात लावू दिला नाही. एवढाल्या क्रेन माझ्या हाताखालून जातात, मग चार चाकांची ही डबी मी गॅरेजवाल्याकडे का नेऊ? ऑइल बदलायचं तर मीच बदलणार, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, खाली पोतं अंथरून. येणाऱ्या-जाणाऱ्याने बघावं अशी इच्छाही असायची, खोटं कशाला बोलू.

पण ऑइल आणि फिल्टर आणायचा तो सॅमसनकडूनच. सॅमसन माझा शाळेपासूनचा दोस्त. बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातला ज्यू. जुन्या बाजारात त्याचं दुकान, मागे घर. त्यांच्या लोकांना आमच्याकडे पूर्वी शनिवार तेली म्हणायचे, कारण ते घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. सॅमसन हसून सांगायचा, आजा खोबऱ्याचं तेल विकायचा, मी इंजिनाचं विकतो, पण शनिवार तोच आहे. त्याचे भाऊ, चुलते, सगळे केव्हाच इस्रायलला गेले. मुलगी एस्तेरही लग्न होऊन तिकडेच गेली. हा मात्र जाणार नाही म्हणायचा. तिकडे जाऊन मी करू काय, तिकडे मला कोण विचारतंय, असं म्हणायचा.

इथे मात्र त्याला सगळे विचारायचे. गिऱ्हाईक आलं की हा आधी मॉडेल विचारत नसे. गाडी फिरते कुठे? रोज खारघरपर्यंत जाऊन उभी राहते, की घाट चढते? पोर्टाच्या रांगेत इंजिन चालू ठेवून उभी असते का? डिपस्टिक पुसलेलं फडकं आणायला सांगायचा आणि त्याचा वास घ्यायचा. कोणी म्हणालं, शेठ, जरा जाड ऑइल द्या, तर चिडायचा. जाड म्हणजे चांगलं हे डोक्यातून काढून टाका, म्हणायचा. इंजिन थंड असताना जाड ऑइल वरपर्यंत पोचायला वेळ लावतं आणि झीज तेव्हाच होते. फिल्टरचं तर विचारूच नका. आटे जुळले, फिल्टर बसला, म्हणजे झालं — असं म्हणणाऱ्याला तो दुकानाबाहेर काढायचा. दोन फिल्टर दिसायला जुळे, एकाच आट्यावर बसणारे, पण आतली झडप वेगळी, रबराची रिंग वेगळी. हा बोटांत फिरवून सांगायचा कुठला कोणाचा.

आणि फिल्टर हातात देताना प्रत्येक वेळी एक वाक्य म्हणायचा, जुना रबर इंजिनाला चिकटून राहिला नाही ना ते बघ. प्रत्येक वेळी! मला — जनार्दनला! माझं डोकं फिरायचं. मी काय काल जन्मलोय?

आता त्या शनिवाराकडे येतो. यायलाच हवं.

माझ्या पुतणीचा साखरपुडा होता, रविवारी, चिंचवडला. सकाळी लवकर निघायचं होतं. आई, बायको आणि मी. गाडीचं ऑइल काळंकुट्ट झालेलं, आठवडाभर आज करतो, उद्या करतो म्हणत होतो. संगीता, म्हणजे बायको, टोमणे मारत होती. सरळ गॅरेजला टाका, तुमच्याच्याने होत नाही, म्हणाली. झालं! मी शनिवारी दुपारी हट्टाने उठलो. दोन दुकानं फिरलो, माझ्या गाडीचा फिल्टर नाही. सोमवारी मागवून देतो म्हणाले. आता घरी जाऊन बायकोला काय सांगू? फिल्टर मिळाला नाही म्हणून?

सॅमसनचं दुकान बंद होतं. शब्बाथ. शनिवारी तो शटर उघडत नाही, दिवा लावत नाही, पैशाला शिवत नाही. बापाने पाळलं, तो पाळतो. मला हे शाळेपासून माहीत. आणि मला अजून एक गोष्ट माहीत होती — त्यानेच कधीतरी सांगितलेली — की कोणाच्या जिवावर बेतलं असेल तर शब्बाथ मोडायला देवाची परवानगी असते. मोडलाच पाहिजे, असं म्हणाला होता.

मी त्याच्या मागच्या दाराला गेलो आणि म्हणालो, आईच्या छातीत दुखतंय. पुण्याच्या डॉक्टरने उद्या सकाळीच बोलावलंय, कदाचित ऑपरेशन करावं लागेल. आणि गाडी ऑइलविना चालत नाही.

किती सहज बोललो! वाटेत ठरवलंही नव्हतं. तोंडातून निघून गेलं. ती माय घरी बसून मच्छी साफ करत होती.

सॅमसनचा चेहरा उतरला. एक शब्द विचारला नाही त्याने. कुठला डॉक्टर, कुठलं हॉस्पिटल, इतर दुकानं का नाहीत — काही नाही. तो मागच्या दाराने दुकानात गेला. आत अंधार. शटर बंद, वरच्या झरोक्यातून येईल तेवढाच उजेड. मी म्हटलं, अरे दिवा लाव. तर म्हणाला, आईसाठी दार उघडलं ते ठीक आहे, दिव्यावाचून कोणाचं अडलेलं नाही, माझे हात ओळखतात. फळीवर चाचपून त्याने फिल्टर काढला, बोटांत फिरवला, ऑइलचा कॅन दिला. पैसे नंतर, म्हणाला. आणि ते वाक्यही म्हणाला, जुन्या रबराचं. मी ऐकलंच नाही. म्हणजे ऐकलं. पण मला त्याचा राग आला.

पार्किंगमध्ये जुनं ऑइल सोडलं, जुना फिल्टर खोलला, नवा लावला. वर हात घालून बोट फिरवायला कितीसा वेळ लागतो? नाही फिरवलं. घाई होती असं म्हणता आलं असतं, पण घाई नव्हती. सॅमसनने सांगितलं होतं म्हणूनच फिरवलं नाही. इंजिन चालू केलं, खाली वाकून बघितलं, थेंब नाही. संगीताला वर जाऊन सांगितलं, झालं बघ तुझं गॅरेज.

रविवारी निघालो. खोपोलीपर्यंत गाडी लोण्यासारखी. घाट सुरू झाला आणि डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा लागला. संगीताने विचारलं, हे काय पेटलंय? मी म्हटलं, सेन्सर खराब आहे, तू गप बस. एका ट्रकवाल्याने बाजूला येऊन हात करून खाली दाखवलं, त्यालाही शिवी घातली. मग इंजिनात घण पडायला लागले आणि गाडी थांबली ती थांबलीच. मागे रस्त्यावर काळी रेघ. इंजिन जाम झालं होतं. आई उतरून कठड्यापाशी उन्हात बसली, डोक्यावर पदर घेऊन, आणि साखरपुड्याला न्यायची साडी मांडीवर धरून. पोचायला दुपार टळली. अंगठ्या घालून झाल्या होत्या.

गाडी टो करून कळंबोलीच्या एका ओळखीच्या गॅरेजला आणली होती. संध्याकाळी परत येऊन मी तिथे गेलो. गॅरेजवाला दुसऱ्या गाडीत गुंतलेला. मीच खाली शिरलो, फिल्टर खोलला.

दोन रिंगा होत्या. जुनी इंजिनाला चिकटलेली, तिच्यावर नवी बसवलेली. त्या दोघींमधून सगळं ऑइल घाटात ओकलं गेलं होतं. फिल्टरवरचा नंबर मी बोटाने पुसून वाचला. माझ्याच गाडीचा. अंधारात, हाताने चाचपून, सॅमसनने अगदी बरोबर फिल्टर दिला होता.

तुम्ही काय केलं असतं, हे मी विचारत नाही. मी काय केलं ते सांगतो. ती जुनी रिंग नखाने खरवडून काढली आणि भंगाराच्या ढिगात फेकली. फिल्टरही तिथेच, ढिगाच्या पार तळाशी ढकलला. आणि हात पुसून बाहेर येतो तर स्कूटर लावत सॅमसन समोर. त्या गॅरेजला माल त्याचाच जायचा, त्यांनीच फोन करून सांगितलं होतं. धापा टाकत होता. पहिलं विचारलं ते आईचं. आई कशी आहे, डॉक्टरकडे पोचलात का? मी म्हटलं, उशीर झाला, डॉक्टर निघून गेले होते.

हे दुसरं खोटं. पहिल्याला टेकू द्यायला. मग तो गाडीकडे बघत राहिला आणि अगदी हळू म्हणाला, "जना, मी दुसरा फिल्टर दिला का रे?"

इथे माझ्याकडे वेळ होता. खोटं बोलायची गरजसुद्धा नव्हती, नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. आजूबाजूला गॅरेजची माणसं उभी होती, मला जनार्दनशेठ म्हणणारी, क्रेनवाले म्हणून ओळखणारी. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला — हात ठेवला हो! — आणि म्हणालो, "अंधारात होतं रे असं."

बस्स. कबुलीजबाब द्यायचा तो याच वाक्याचा आहे. बाकी सगळं आजूबाजूचं.

लोकांनी त्या वाक्याचं काय केलं माहीत आहे? गॅरेजवाला चार ठिकाणी सांगत फिरला, इंजिन गेलं तरी जनार्दनशेठने दोस्ताला एक वाकडा शब्द काढला नाही. बाजारात लोक मला चहा पाजायला लागले. मन मोठं आहे तुमचं, म्हणाले. आणि सॅमसन? तो दुकानात गेला असता, फळीवर बघितलं असतं, तर कुठला फिल्टर कमी झालाय ते त्याला तिथल्या तिथे कळलं असतं. मी महिनाभर त्याच धाकात होतो. पण त्याने बघितलंच नाही. मी म्हणालोय म्हटल्यावर त्याला बघायची गरज काय?

पुढच्याच आठवड्यात त्याने आईच्या प्रकृतीसाठी मालिदा केला. त्यांच्यात नवस-प्रार्थनेला करतात — गोड पोहे, खोबरं, फळं, सगळं ताटात रचून. आम्हाला घरी बोलावलं. नाही कसं म्हणणार? संगीताला घरीच ठेवून आईला घेऊन गेलो. आईला मी काय कारण सांगितलं ते आठवतही नाही, त्यांचा सण आहे असं काहीतरी. ती हौसेने नवी साडी नेसून आली. प्रार्थना झाली, तिच्या नावाने. हिब्रूत, म्हणून तिला कळलं नाही. मग रिबेका वहिनी, सॅमसनची बायको, तिच्या हातात ताटली देऊन प्रेमाने म्हणाली, आई, आता कसं वाटतंय? आई म्हणाली, "मला काय झालंय? मी बरी हाय गो."

माझ्या हातातला घास हातात राहिला. पण वहिनींचे डोळे भरून आले. सॅमसन माझ्याकडे बघून मान हलवत होता, की बघ, म्हातारी किती धीराची आहे. सगळ्यांना तेच वाटलं. आईने मालिदा दोनदा मागून घेतला.

मग दिवाळीनंतर आई गेली. झोपेतच. डॉक्टर म्हणाले, हार्ट.

मी काय लिहू? मी तिच्या छातीत दुखणं घातलं, आणि तिथेच — नाही, असं नसतं, मी मशिनवर काम केलेला माणूस आहे, मला कळतं की असं नसतं. तरी घाम फुटतो. पण माझ्या घामाचं राहू द्या. सॅमसन स्मशानात आला होता. सगळे पांगल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाला, त्या रविवारी वेळेवर पोचल्या असत्या तर. त्या वेळी मला रडू येत होतं आईचं, आणि त्या रडण्याआड लपता आलं. मी लपलो. त्याला वाटलं मी त्याच्यामुळे रडतोय.

बघा आता कसं झालं होतं. फिल्टरचं खरं सांगावं तर तो विचारणार, मग तेव्हाच का नाही बोललास? आईचं खरं सांगावं — आई आजारी नव्हतीच, तुझा शब्बाथ मी साखरपुड्यासाठी मोडायला लावला — तर मी त्याच्या देवाशीच खोटं बोललो असं होणार. एक सांगितलं की दुसरं उघडं पडत होतं. रोज सकाळी ठरवायचो, आज जाऊन सांगतो. दुकानापर्यंत जायचो. तो मला बघितल्याबरोबर खुर्ची पुसून द्यायचा. आधी कधी पुसत नव्हता. त्या पुसलेल्या खुर्चीत बसून कसं बोलणार होतो मी?

त्याचा हात गेला. तुटला-बिटला नाही. विश्वास गेला त्याचा हातावरचा. फिल्टर काढायचा, चष्मा लावून नंबर वाचायचा, गिऱ्हाइकाला वाचायला लावायचा, मग म्हणायचा, जुना काढून आणा, शेजारी ठेवून बघू. भर दुपारी दुकानातले सगळे दिवे चालू. लोक कंटाळले. कोणत्या ऑइलचं विचारलं तर म्हणायला लागला, कंपनीच्या पुस्तकात बघा, मी नाही सांगत. सॅमसन असं म्हणतोय! कोणी तरी शनिवारच्या प्रकारावरून त्याला टोचलं होतं, की दुकान उघडलंत आणि फळ मिळालं. हे त्याला आधीच वाटत होतं. मी समोर बसलो होतो तेव्हा. मी चहा प्यायलो.

शेवटी त्याने दुकान सोडलं. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. एस्तेर येऊन दोघांना घेऊन गेली. हा माणूस मरेपर्यंत पनवेल सोडणार नव्हता, हे मी तुम्हाला आधीच सांगितलं. निघताना जुन्या बाजारातून एक फेरी मारली आम्ही, तो आणि मी. प्रत्येक दुकानदाराशी बोलला. मला म्हणाला, तू होतास म्हणून इतके दिवस तरी राहिलो इथे.

तुम्हाला वाटेल, गेला, सुटलो. मलाही तसंच वाटलं होतं. पण त्यांच्यात किप्पूरचा उपास असतो. त्याच्याआधी, आपण ज्याचं वाईट केलं असेल त्याची माफी मागायची. देवाकडे मागून भागत नाही, त्या माणसाकडेच मागावी लागते. सॅमसन दर वर्षी किप्पूरच्या आधी मला व्हिडिओ कॉल करतो. टोपी घालून, दाढी करून बसलेला असतो. म्हणतो, जना, तुझी गाडी, तुझी आई — माझ्या हातून झालं, मला माफ कर. आणि मी दर वर्षी म्हणतो, केलं. किप्पूर येतो आपल्या पितृपक्षाच्या सुमारास; पितृपक्ष जवळ आला की मला झोप लागेनाशी होते, संगीताला वाटतं आईच्या आठवणीने. फोन बंद ठेवून बघितला एकदा. तर दुसऱ्या दिवशी संगीताच्या फोनवर आला, आणि तिच्यासमोर मला ते म्हणावं लागलं. आईचं म्हणतोय ते घाटातल्या उन्हाचं, असं तिला वाटलं. ती डोळे पुसत होती. म्हणाली, तुमच्यासारखा दोस्त मिळायला नशीब लागतं.

यंदा मात्र मी ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. कॉल येणार म्हणून खाली पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसलो, काचा लावून, कोणी ऐकू नये म्हणून. फोन आला. समोर एस्तेर होती. सॅमसन मागे, हॉस्पिटलच्या पलंगावर, उशाला टेकवून बसवलेला. खूपच वाळलाय. एस्तेर म्हणाली, काका, बाबा तुमच्याशी बोलल्याशिवाय जेवत नाहीत, सकाळपासून हट्ट धरून बसलेत.

मी म्हणालो, "सॅमसन, आधी माझं ऐक."

त्याने हात वर केला. "नको. तू मला सांभाळून घेशील, मला ठाऊक आहे. तू नेहमीच सांभाळून घेतलंस. फक्त तेवढा एक शब्द म्हण."

काचा बंद होत्या. आजूबाजूला कोणी नव्हतं. माझं तोंड उघडलेलं होतं, आणि एस्तेर वाट बघत होती.

मी म्हणालो, "केलं माफ."

त्याने डोळे मिटले. एस्तेरने फोन स्वतःकडे वळवला. काका, तुमचे फार उपकार आहेत आमच्यावर, म्हणाली.

मी म्हटलं, असू दे गं.